रडारला रंग दिसत नाही

अमेरिकेतल्या पोलिसांचा विषय निघाला की आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या घरांत उत्तर तयार असतं. काळे लोक गुन्हे जास्त करतात, म्हणून पोलीस त्यांना जास्त अडवतात; यात वंशभेद कुठून आला? पोलिसाची नजर अनुभवाने तयार होते, तिला नियमांची वेसण घातली की चोरांचंच फावतं. एवढ्यानेही समोरचा गप्प बसला नाही तर हुकमाचं पान टाकलं जातं: मेम्फिसमध्ये टायरी निकल्सला मारणारे पाचही पोलीस काळेच होते की! मग दलात काळ्यांची भरती करा म्हणून ओरडण्यात काय अर्थ? न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आतेभावाकडून हे ऐकायला मिळतं, तसंच पुण्यात सकाळी टेकडीवर भेटणाऱ्या काकांकडूनही.

हा युक्तिवाद आपला नाही, तिकडून आयता आलेला आहे. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग जून २०१३मध्ये रेडिओवर म्हणाले होते की, संशयितांची वर्णनं पाहिली तर आम्ही गोऱ्यांनाच प्रमाणाबाहेर जास्त अडवतो आणि अल्पसंख्याकांना कमी. हेदर मॅक डोनाल्ड या लेखिकेने हीच बाजू वर्षानुवर्षं लढवली. तिचं ‘द वॉर ऑन कॉप्स’ हे पुस्तक २०१६मध्ये आलं. अडवलेल्यांचं प्रमाण लोकसंख्येशी ताडून पाहू नका, गुन्ह्यांशी ताडा, असं तिचं म्हणणं. हे म्हणणं मूर्खपणाचं नाही. न्यूयॉर्कमधल्या खुनांत संशयित आणि बळी या दोन्हींत कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने खूप जास्त आहे, हे खरं आहे आणि ते नाकारून कुणाचंच भलं होत नाही. पण हे मान्य करूनही निष्कर्ष तोच निघतो का, एवढंच पाहायचं आहे.

१९६८मध्ये ‘टेरी विरुद्ध ओहायो’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना एक मुभा दिली. अटकेइतका पुरावा नसला तरी, सांगता येईल असा वाजवी संशय असेल तर माणसाला थांबवता येतं आणि त्याच्याकडे शस्त्र असल्याची शंका असेल तर कपड्यांवरून हात फिरवून चाचपता येतं. या मुभेचा न्यूयॉर्कने कारखानाच काढला. जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात तिथल्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यात थांबवलं. त्यांतल्या ५२ टक्के वेळा माणूस कृष्णवर्णीय होता, ३१ टक्के वेळा हिस्पॅनिक, १० टक्के वेळा गोरा. निम्म्याहून जास्त जणांना चाचपलं. आणि ज्यांना चाचपलं त्यांच्यापैकी शंभरातल्या दीड जणाकडे शस्त्र सापडलं. ८८ टक्के वेळा पुढे काहीच झालं नाही. अटक नाही, समन्स नाही. जा म्हणाले, गेला.

गुन्ह्यांशी ताडा, हा आग्रह इथेच लंगडा पडतो. न्यूयॉर्कच्या या थांबवण्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. २०१३मध्ये त्या खटल्याचा निकाल देताना न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी नेमकं हेच विचारलं. थांबवलेल्यांतले बहुसंख्य लोक निर्दोष होते, तर त्यांचा वर्ण गुन्हेगारांच्या वर्णाशी का जुळावा? ती गर्दी गुन्हेगारांची नव्हती, कामावरून घरी येणाऱ्यांची होती. संशयिताच्या वर्णनाशी चेहरा जुळला म्हणून थांबवलं, असं तर बहुतेक वेळा पोलिसांनी लिहिलेलंच नव्हतं. फॉर्मवरच्या ‘संशयास्पद हालचाल’ या चौकटीत खूण केलेली असे. कोणत्या गुन्ह्याचा संशय होता, हे न लिहिता भरलेल्या फॉर्मांचं प्रमाण २००४मध्ये १ टक्का होतं, २००९मध्ये ते ३६ टक्के झालं. म्हणजे अनुभवाने तयार झालेल्या त्या नजरेला काय दिसलं, हे तिला स्वतःलाच तीनातल्या एका वेळी सांगता येत नव्हतं.

पोलिसांची नजर खरोखरच अचूक असती तर ज्यांना ती जास्त थांबवते त्यांच्याकडे जास्त सापडायला हवं होतं. शस्त्र सापडण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत १ टक्का निघालं आणि गोऱ्यांत १.४ टक्के. गोऱ्याला थांबवण्याआधी पोलीस जरा विचार करत होते. काळ्यासाठी तेवढा विचार लागत नव्हता.

निकालानंतर काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते सोडून देण्याची पद्धत आहे. वरच्या न्यायालयाने शाइंडलिन यांना त्या खटल्यावरून दूर केलं, निकालाला स्थगिती दिली. पण नवे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी अपील मागे घेतलं आणि सुधारणा लागू झाल्या. २०११मध्ये ६ लाख ८५ हजार ७२४ वेळा लोकांना थांबवलं होतं, २०१७मध्ये ही संख्या १२ हजारांच्याही खाली आली. चोरांचं फावायला यापेक्षा चांगली संधी कोणती? २०११मध्ये शहरात ५१५ खून झाले होते. २०१७मध्ये २९२ झाले. थांबवणं कमी केल्यामुळे खून घटले, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला आधार नाही. नजरेला वेसण घातली की शहर बुडतं ही भाकितं मात्र साफ खोटी ठरली. ब्लूमबर्ग यांनी नोव्हेंबर २०१९मध्ये माफी मागितली. अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरण्याच्या आठवडाभर आधी, पण मागितली. आपल्या काकांनी अजून मागितलेली नाही.

आता फर्ग्युसन. मिसुरी राज्यात सेंट लुइसला लागून असलेलं, वीस-एकवीस हजार वस्तीचं हे गाव. ९ ऑगस्ट २०१४ला तिथे मायकेल ब्राउन हा अठरा वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला आणि देश पेटला. ४ मार्च २०१५ला अमेरिकेच्या न्यायखात्याने एकाच दिवशी दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिल्यात म्हटलं होतं की गोळी झाडणाऱ्या डॅरेन विल्सनवर खटला भरण्याजोगा पुरावा नाही, आणि ब्राउन हात वर करून शरण येत होता या कहाणीला विश्वासार्ह साक्षीदारांचा आधार मिळत नाही. पोलिसांची बाजू घेणारे हा अहवाल तोंडपाठ म्हणून दाखवतात. दुसरा अहवाल त्याच खात्याचा, त्याच दिवसाचा. पण तो त्यांनी उघडलेला दिसत नाही.

फर्ग्युसनमध्ये ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि ५४ पोलिसांपैकी ४. २०१२ ते २०१४ या काळात अडवलेल्या वाहनांपैकी ८५ टक्के कृष्णवर्णीयांची, फाडलेल्या पावत्यांपैकी ९० टक्के त्यांच्या नावावर, अटकांपैकी ९३ टक्के त्यांच्या. पोलिसांचा कुत्रा चावल्याच्या ज्या प्रकरणांत माणसाचा वर्ण नोंदलेला होता, त्यांत एकूण एक माणूस काळा. गाडी अडवल्यावर झडती घेतली जाण्याची शक्यता काळ्या चालकाच्या बाबतीत दुप्पट. आणि सापडण्याची शक्यता मात्र २६ टक्क्यांनी कमी.

एवढ्यावरही कुणी म्हणेल की तिथले काळे लोक गाड्याच बेफाम चालवत असतील. त्याचं उत्तर अहवालातल्या एका लहानशा तपशिलात आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाची गुरुकिल्ली तिथेच आहे. वेगमर्यादा मोडल्याची पावती दोन प्रकारे फाडली जाते. एक तर रडारच्या किंवा लेझरच्या यंत्राने वेग मोजून, नाहीतर पोलिसाने नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेऊन. यंत्राने मोजून फाडलेल्या पावत्यांत कृष्णवर्णीय ७२ टक्के होते. अंदाजाने फाडलेल्यांत ८० टक्के. रस्ते तेच, गाड्या त्याच, पोलीस तेच. यंत्र बाजूला ठेवून माणसाने ठरवायला सुरुवात केली की आकडा चढतो. मधल्या या आठ टक्क्यांचा गुन्हेगारीशी काय संबंध, हे मॅक डोनाल्डबाईंनी किंवा त्यांच्या मराठी शिष्यांनी समजावून द्यावं.

पोलिसांच्या मर्जीवर जितकं अवलंबून, तितका हा आकडा वर जातो. ‘रस्त्यातून चुकीच्या पद्धतीने चालणं’ असा एक गुन्हा फर्ग्युसनच्या नियमावलीत होता. त्यात पकडलेल्यांपैकी ९५ टक्के काळे. ‘आज्ञा न पाळणं’ या गुन्ह्यात ९४ टक्के. एक तरुण बास्केटबॉल खेळून झाल्यावर बागेपाशी स्वतःच्या गाडीत बसून घाम पुसत होता. पोलिसाने येऊन त्याच्यावर लहान मुलांशी चाळे करण्याचा संशय घेतला, झडती मागितली. त्याने राज्यघटनेतला हक्क सांगून नकार दिला, तर त्याच्यावर बंदूक रोखून त्याला अटक केली आणि आठ कलमं लावली. त्यांतलं एक कलम सीटबेल्ट न लावल्याचं, गाडी उभी असताना. दुसरं खोटी माहिती दिल्याचं, कारण त्याने आपल्या पूर्ण नावाऐवजी हाक मारायचं छोटं नाव सांगितलं होतं. त्याची केंद्र सरकारच्या कंत्राटावरची नोकरी गेली.

आणि हीच मर्जी दुसऱ्या बाजूलाही चालत होती. त्याच गावातले अधिकारी, न्यायालयातले कारकून, खुद्द न्यायाधीश आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या पावत्या गुपचूप रद्द करून देत होते, हे न्यायखात्याला त्यांच्या ईमेलमधून सापडलं. काळ्या लोकांना जबाबदारीची जाणीव नाही म्हणून त्यांच्यावर दंड साचतात, असं चौकशीवाल्यांना सांगणारे हेच लोक. एका कृष्णवर्णीय बाईने २००७मध्ये चुकीच्या जागी गाडी लावली. दोन पावत्या, १५१ डॉलर आणि वर फी. ती गरीब होती, तारखा चुकल्या, वॉरंट निघालं, सहा दिवस कोठडी झाली. सात वर्षांत ५५० डॉलर भरूनही तिच्या नावावर ५४१ डॉलर शिल्लक होते. आपल्याकडे ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणून सुटणारा कोण आणि गाडी जमा करून घेतली जाते तो कोण, हे ज्याला ठाऊक आहे त्याला फर्ग्युसन कळायला अमेरिकेला जावं लागत नाही. नियम सगळ्यांना सारखा होता. माफी सगळ्यांना नव्हती.

फर्ग्युसन हे एक सडकं गाव, असं म्हणून सुटता येईल का? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी देशभरातल्या सुमारे १० कोटी वाहन-अडवणुकींची नोंद तपासून २०२०मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांची युक्ती साधी होती. संध्याकाळी सात वाजता काही महिने उजेड असतो, काही महिने अंधार. अंधारात चालकाचा रंग दुरून दिसत नाही. तीच वेळ, तीच वाहतूक. पण अंधार पडल्यावर अडवलेल्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटत होतं. सूर्य मावळला की काळे लोक गाडी नीट चालवू लागतात, असा दावा अजून कुणी केल्याचं ऐकलं नाही.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम साक्षीदार. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर, स्वतः कृष्णवर्णीय, यांनी २०१६मध्ये दाखवलं की ह्यूस्टनच्या नोंदींत पोलिसांच्या गोळीबारात वर्णभेद दिसत नाही. हे वाक्य मराठीतही पुष्कळ फिरलं. त्याच निबंधातलं दुसरं वाक्य फिरलं नाही. धक्का देणं, भिंतीला लावणं, बेड्या घालणं, बंदूक रोखणं अशा खालच्या पायरीच्या बळाचा वापर कृष्णवर्णीयांवर सुमारे दीडपट होतो आणि इतर घटक हिशोबात घेतल्यावर हा फरक कमी झाला तरी पूर्ण नाहीसा होत नाही, असंही फ्रायरनीच लिहिलं आहे. पोलिसांच्या स्वतःच्या नोंदीवर विसंबल्यामुळे भेद मुळातच कमी दिसतो, अशी टीका पुढे इतर संशोधकांनी केली, ती वेगळीच. पण फ्रायर जसाच्या तसा मान्य केला तरी काय दिसतं? गोळी झाडली की चौकशी होते, कागद होतात, वर्दी धोक्यात येते. तिथे हात आवरतो. भिंतीला लावल्याचा जाब कुणी विचारत नाही. तिथे तो मोकळा सुटतो. विरोधकांनी बोलावलेल्या साक्षीदाराने साक्ष माझ्या बाजूने दिली आहे.

आपल्या लोकांना यात आपण कुठे आहोत, असा प्रश्नच पडत नाही. ‘आम्हाला कधी कुणी हटकलं नाही’ हे इतक्या समाधानाने सांगितलं जातं की जणू ते आपल्या संस्काराचं फळ आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये अलाबामा राज्यातल्या मॅडिसन गावात सत्तावन्न वर्षांचे एक गुजराती आजोबा पदपथावरून चालत होते. नातवाला सांभाळायला मुलाकडे आलेले, गावात पाऊल टाकून फार दिवस झाले नव्हते, इंग्रजी येत नव्हतं. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत हिंडतोय. पोलीस आले, आजोबा ‘इंडिया’, ‘नो इंग्लिश’ एवढंच म्हणू शकले, आणि एका पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना तोंडावर आपटलं. मानेला इजा होऊन ते अंशतः लुळे झाले. गाडीतल्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. राज्याच्या गव्हर्नरने माफी मागितली. दोन वेळा ज्युरीचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला दोषमुक्त केलं आणि तो नोकरीवर परत आला. फोन करणाऱ्याला गुजराती आणि आफ्रिकन यांतला फरक दिसला नव्हता, तो पोलिसानेही विचारला नाही. सुशिक्षित भारतीयाची गाडी, बंगला आणि पदवी त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते.

हा प्रश्न फक्त पोलिसांचाही नाही. मायकेल लिप्स्की या राज्यशास्त्रज्ञाने १९८०मध्येच लिहून ठेवलंय की सरकारी धोरण विधिमंडळात ठरतं असं आपण समजतो, खरं तर ते खिडकीमागचा कारकून, वर्गातला शिक्षक आणि रस्त्यावरचा पोलीस ठरवतो. अमेरिकेत संशोधकांनी ग्रंथालयं, शाळा, शेरीफची कचेरी अशा हजारो स्थानिक कार्यालयांना अगदी साधी चौकशी करणारे ईमेल पाठवले. मजकूर तोच, खालची सही वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला ७२ टक्के वेळा उत्तर आलं, काळ्या वाटणाऱ्या नावाला ६८ टक्के. चार टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. जन्मभर प्रत्येक खिडकीवर हे चार टक्के भरत जाणाऱ्याला तसं वाटत नाही. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात हुशार मुलांच्या खास वर्गासाठी मुलं शिक्षक आणि पालक सुचवत. वर्ग गोऱ्या मुलांनी भरे. मग सगळ्याच मुलांची चाचणी घ्यायचं ठरलं. निकष बदलला नाही, फक्त कोणाला तपासायचं हे शिक्षकाच्या मर्जीतून काढून घेतलं. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची संख्या झपाट्याने वाढली. पुढे पैशाच्या टंचाईत ती सरसकट चाचणी बंद झाली आणि संख्या पुन्हा खाली आली. मुलांची बुद्धी अंदाजपत्रकाबरोबर चढउतार करत नव्हती.

माझ्या बाजूचे लोकही कधीकधी लंगडा घोडा शर्यतीत उतरवतात. २०२०मध्ये एका अभ्यासाने दावा केला की कृष्णवर्णीय नवजात बालकावर कृष्णवर्णीय डॉक्टरने उपचार केले तर त्याच्या मृत्यूचा धोका बराच घटतो. हा दावा थेट सर्वोच्च न्यायालयातल्या एका भिन्नमतपत्रापर्यंत पोचला. २०२४मध्ये दुसऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा कळलं की अतिशय कमी वजनाची, म्हणजे मुळातच जास्त धोक्यातली बाळं गोऱ्या डॉक्टरांकडे अधिक जात होती. ते हिशोबात घेतल्यावर फरक जवळजवळ उरला नाही. हा पुरावा टाकून द्यावा. त्याच्यावाचून काही अडत नाही, आणि खोट्या आधारावरची खरी बाजू सगळ्यात आधी हरते.

मर्जी ज्यांच्या हातात आहे त्यांत सगळ्या थरांतली माणसं असावीत, हा प्रतिनिधित्वाचा मुद्दा मराठी माणसाला परका वाटावा, याचं मात्र आश्चर्य वाटतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जे मांडलं ते आजच्या भाषेत याच लेखाचा विषय आहे. कायदा गोऱ्या सरकारचा. पण शेतकऱ्याची गाठ पडते ती कुलकर्ण्याशी आणि मामलेदार कचेरीतल्या कारकुनाशी. सगळी खाती एकाच जातीच्या हातात, त्यामुळे अर्ज कसा लिहायचा, कोणाचा दाबायचा, साहेबाच्या कानावर काय घालायचं, हे सगळं त्यांच्या मर्जीवर. ब्रिटिश नोकरशाहीवर पुस्तक लिहून डोनाल्ड किंग्सली यांनी १९४४मध्ये प्रातिनिधिक नोकरशाहीची कल्पना विद्यापीठांत रुजवली, त्याच्या साठ वर्षं आधी ती पुण्यात मांडून झाली होती. २६ जुलै १९०२ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, तेव्हा ‘कार्यक्षमता बुडेल’ हे ओरडणंही मराठीतच झालं. आज अमेरिकेतल्या पोलिसभरतीबद्दल तोच सूर लावणाऱ्यांनी निदान जुनी चाल आहे हे तरी ओळखावं.

भरतीने काय साधतं, याला शिकागोत उत्तर मिळालं आहे. २०१२ ते २०१५ या काळात तिथल्या जवळपास ७,००० पोलिसांनी रोज काय केलं, याच्या नोंदी संशोधकांनी मिळवल्या आणि एकाच भागात, एकाच पाळीत, एकाच प्रकारच्या दिवशी गस्त घालणाऱ्या काळ्या आणि गोऱ्या पोलिसांची तुलना केली. २०२१मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ती आली. कृष्णवर्णीय पोलिसांनी लोकांना कमी थांबवलं, कमी अटका केल्या, कमी वेळा बळ वापरलं. आणि हा फरक मुख्यतः काळ्या नागरिकांच्या बाबतीत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हिंसक गुन्ह्यांतल्या अटकांत फरक थोडाच होता. तो दिसत होता ‘संशयास्पद हालचाल’, किरकोळ वाहतूक गुन्हे अशा ठिकाणी, जिथे थांबवायचं की सोडून द्यायचं हे पोलिसाच्याच हातात असतं. खुन्याला दोघेही सोडत नव्हते. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोराकडे मात्र दोघे वेगळ्या नजरेने बघत होते.

तरीही मेम्फिस उरतंच, आणि ते टाळता येत नाही. तिथल्या दलात निम्म्याहून अधिक पोलीस कृष्णवर्णीय, पोलीसप्रमुख सेरेलिन डेव्हिस कृष्णवर्णीय, आणि ७ जानेवारी २०२३च्या रात्री टायरी निकल्सला गाडीतून ओढून बेदम मारणारे पाचही कृष्णवर्णीय. तीन दिवसांनी तो दवाखान्यात वारला. बाल्टिमोरमध्येही २०१५ साली फ्रेडी ग्रे पोलिसांच्या ताब्यात मेला तेव्हा महापौर आणि पोलीसप्रमुख दोघेही कृष्णवर्णीय होते. माणूस आपल्या रंगाचा आला की न्याय आपोआप येतो, असं मानणाऱ्यांना हे चोख उत्तर आहे. पण असं मानतो कोण? आपल्याकडे राखीव जागेवरून आलेला फौजदार पारध्याच्या पालावर चांगलं वागेलच, अशी खात्री कोणत्या शहाण्याने कधी दिली?

मेम्फिसचं उदाहरण देणाऱ्यांनी ते अर्धं देऊ नये. ते पाच जण ‘स्कॉर्पियन’ नावाच्या खास पथकातले होते. २०२१च्या अखेरीस उभारलेलं हे पथक. गुन्हे जास्त त्या वस्त्यांत शिरायचं, गाड्या अडवायच्या, अटकांचा आकडा दाखवायचा. १९९६च्या ‘व्रेन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने असं अडवणं आधीच सोपं करून ठेवलं होतं: वाहतुकीचा कोणताही बारीकसा नियम मोडलेला दिसला की पुरे, पोलिसाच्या मनातला खरा हेतू काय होता हे न्यायालय विचारणार नाही. निकल्सला बेफाम गाडी चालवल्याच्या कारणाने अडवलं होतं. त्याला पुष्टी देणारा काहीही पुरावा आपल्याला सापडला नाही, हे डेव्हिस यांनीच नंतर सांगितलं. पोलिसांचा रंग बदलला होता, पण त्यांच्या हातातला मोकळा परवाना तोच होता आणि वरून मागितला जाणारा आकडाही तोच. मेम्फिसवरून भरती निरुपयोगी ठरत नाही. मोकळा परवाना कुणाच्याच हातात द्यायचा नाही, एवढं ठरतं.

आणि मेम्फिसच्या लोकांनी नेमकं तेच केलं होतं. २०२३च्या वसंतात नगरपरिषदेने निकल्सच्या नावाने नियम केला की मागचा एक दिवा बंद आहे, बंपर सुटलाय, अशा किरकोळ कारणांवरून गाडी अडवायची नाही. मार्च २०२४मध्ये टेनेसी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शहराला असे नियम करण्याची मनाईच केली. निकल्सची आई आणि सावत्र वडील विरोध करत राहिले. गव्हर्नर बिल ली यांनी सही केली. डिसेंबर २०२४मध्ये केंद्रीय न्यायखात्याने मेम्फिस पोलीस नागरिकांचे हक्क पद्धतशीरपणे डावलतात, असा अहवाल दिला. २१ मे २०२५ला ट्रम्प सरकारच्या न्यायखात्याने तो मागे घेतला आणि मिनीॲपोलिस व लुईव्हिल या शहरांशी ठरलेले सुधारणेचे करारही सोडून दिले.

म्हणजे आता जे काही व्हायचं ते गावपातळीवर. तिथे बहुतेक राज्यांत शेरीफ आणि सरकारी वकील निवडून येतात, नगरपरिषदेच्या सभा सगळ्यांना खुल्या असतात. नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांना त्यात मतही आहे आणि बोलायला तीन मिनिटंही. दिवाळीच्या कार्यक्रमाला पोलीसप्रमुखांना शाल-श्रीफळ द्यायला बोलावता, तेव्हा गेल्या वर्षी तुमच्या गावात किती जणांना थांबवलं, कोणाला, कोणत्या कारणाने आणि सापडलं काय, ही यादीही त्यांच्याकडे मागा.